चौदाचे सहा झाले, भीती मात्र तेवढीच

पत्र:

माझं वय ३६. सहा वर्षांपूर्वी पहिली फिट आली, तेव्हा अपस्मार असल्याचं निदान झालं. मोठी फिट येऊन आता अकरा महिने झालेत. गोळ्या वेळच्या वेळी घेते. तरी भीती जात नाही. आंघोळीला जाताना, जिना उतरताना, मुलीचा हात धरून रस्ता ओलांडताना एकच विचार, आत्ता आली तर? मी हिशेब विभागात काम करते. मीटिंगमध्ये दाराजवळची खुर्ची मिळाली नाही तर माझं कशातच लक्ष लागत नाही. रात्री 'झोपेतला अचानक मृत्यू' असं कुठेतरी वाचलेलं आठवतं. कधी कधी तर कारण नसताना पोटातून भीतीचा गोळा उठतो, छातीपर्यंत येतो, मिनिटभरात जातो, मग जरा वेळ सुन्न वाटतं. दवाखान्यात सात प्रश्नांचा कागद भरायला दिला. १४ आले. त्यावर 'मध्यम' असं लिहिलं. नवरा म्हणाला, फिट थांबल्या, आता हे नवीन काय काढलंस? पुढच्या वेळी मी मुद्दाम कमी खुणा केल्या. ६ आले. डॉक्टर म्हणाले, छान, सुधारणा आहे! खरा आकडा कोणता? भीती अशी मोजता येते का? मला आता दुसरा आजार झालाय का? आणि पुन्हा कागद हातात दिला तर काय करू?
– बेरीज चुकलेली

उत्तर:

तुम्ही चार प्रश्न विचारलेत आणि चारही आकड्यांभोवतीचे. त्यांच्याकडे येतेच. पण एक वाक्य तुम्ही जाता जाता लिहून टाकलंय, आणि मला सगळ्यात आधी त्याच्यावर बोलायचंय. पोटातून उठणारा तो गोळा.

फिट म्हटलं की डोळ्यांसमोर येतं ते अंग ताठ होणं, झटके, तोंडाला फेस. पण मेंदूच्या एका कोपऱ्यात सुरू होऊन तिथेच विझणारी फिटही असते. तिला फोकल फिट म्हणतात. तिच्यात माणूस पुष्कळदा पूर्ण शुद्धीवर असतो, त्यामुळे ती फिट होती हे त्याला स्वतःलाही कळत नाही. मेंदूच्या दोन्ही बाजूंना, साधारण कानांच्या पातळीवर, टेम्पोरल लोब असतात. त्यांच्या आतल्या अंगाला अमिग्डाला नावाचा बदामाच्या आकाराचा पेशींचा पुंजका असतो. भीती वाटण्यात त्याचा मोठा वाटा आहे. फिट त्या परिसरात सुरू झाली तर भीती वाटणं हेच फिटचं लक्षण ठरतं. समोर घाबरण्यासारखं काहीही नसतं. पोटातून वर चढत जाणारी विचित्र जाणीव हीसुद्धा टेम्पोरल लोबच्या फिटची डॉक्टरांच्या चांगल्या ओळखीची खूण आहे.

तुमचा गोळा म्हणजे फिटच, असं मी पत्रावरून सांगू शकत नाही, कुणीच सांगू नये. तो पॅनिक अटॅकही असू शकेल. दोन्हींत फरक ओळखायला काही गोष्टी उपयोगी पडतात. फिटमधली भीती एकदम उठते, बहुधा अर्ध्या मिनिटापासून दोन मिनिटांत संपते, आणि दर वेळी जवळजवळ तश्शीच असते, जणू तीच चित्रफीत पुन्हा लावली. ती झोपेतूनही उठवू शकते. नंतर थोडं गोंधळल्यासारखं, सुन्न वाटतं. शेजारच्या माणसाला कधी दिसतं की नजर क्षणभर स्थिर झाली, तोंड काही चघळत असल्यासारखं हललं किंवा बोटांनी उगाच पदराशी चाळा केला. पॅनिकचं तसं नसतं. तो काही मिनिटं चढत जातो, साधारण दहा मिनिटांच्या आत टोकाला पोचतो, मग बराच वेळ रेंगाळतो. छाती धडधडते, श्वास पुरत नाही, 'मी आता मरणार' हा विचार ठळक असतो, आणि नंतर सगळं लख्ख आठवतं. तुम्ही लिहिलेलं 'मिनिटभर' आणि 'सुन्न' हे दोन शब्द मला गप्प बसू देत नाहीत.

म्हणून पुढच्या ठरलेल्या तारखेची वाट बघू नका. या आठवड्यातच न्यूरॉलॉजिस्टच्या दवाखान्यात फोन करा आणि एवढंच सांगा, "मोठी फिट नाही, पण कारण नसताना पोटातून भीती उठते, मिनिटभर टिकते, मग सुन्न वाटतं." ती दर वेळी सारखीच असेल तर तेही सांगा. तोवर गोळ्यांना हात लावू नका, एकही कमी-जास्त नको. घरात कुणी असताना गोळा उठला तर त्यांना मोबाइलवर तुमचं चित्रण करू द्या, आणि चित्रण चालू असताना तुम्हाला नाव, वार असं काहीतरी विचारू द्या. डॉक्टरांना तोंडी वर्णनाच्या दहा वाक्यांपेक्षा त्या एका मिनिटाचा जास्त उपयोग होतो.

आता तो कागद. तुम्ही नाव लिहिलेलं नाही, पण सात प्रश्न आणि 'मध्यम' हा शेरा म्हणजे तो जीएडी-७ हा चिंता मोजणारा कागद असावा. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट स्पिट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २००६ साली प्रसिद्ध केला. गेल्या दोन आठवड्यांत अमुक त्रास किती दिवस झाला, एवढंच तो विचारतो. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते तीन गुण, एकूण २१. पाचपासून सौम्य, दहापासून मध्यम, पंधरापासून तीव्र. चांगला, सुटसुटीत कागद आहे, दोन मिनिटांत होतो, म्हणूनच तो जगभर वापरला जातो. पण तो साध्या दवाखान्यात येणाऱ्या कुठल्याही पेशंटसाठी बनवलेला आहे. त्याला अपस्मार माहीत नाही. आणि त्याचं काम चाळणीचं आहे. या व्यक्तीशी कुणीतरी बसून नीट बोलायला हवं, इतकंच तो सांगतो. निदान त्यानंतरच्या बोलण्यातून होतं. ते बोलणंच तुमच्या बाबतीत झालेलं दिसत नाही, आणि माझी खरी तक्रार तिथे आहे.

तुम्ही हिशेब विभागात आहात, म्हणून तुमच्याच भाषेत विचारते. नुसती शेवटची बेरीज दाखवली आणि वरच्या नोंदी झाकून ठेवल्या, तर तुम्ही त्या वहीवर सही कराल का? तुमचे १४ तसेच आहेत. त्यात काय काय मिसळलंय बघा. जिन्यावरची 'आत्ता आली तर' ही भीती आहे. रात्रीची मरणाची भीती आहे, आणि ती वेगळी. गोळा खरोखर फिट असेल, तर 'काहीतरी भयंकर घडेल असं वाटून भीती वाटली का' या प्रश्नाला तुम्ही दिलेल्या गुणांत तोही बसलेला असणार, म्हणजे फिटची नोंद चिंतेच्या खात्यात पडली. त्याच कागदात चिडचिड आणि एका जागी बसवत नाही एवढी बेचैनी यांवरही प्रश्न असतात. तुम्ही कुठल्या गोळ्या घेता ते लिहिलं नाहीत, पण लेव्हेटिरासिटॅमसारख्या अपस्मारावरच्या औषधाने काहीजणांची चिडचिड आणि बेचैनी खरोखर वाढते. तसं असेल तर ते गुण तुमच्या स्वभावाचेही नाहीत आणि मनाचेही नाहीत, औषधाचे आहेत, आणि त्यावर डॉक्टरांकडे वेगळा उपाय असतो.

शरीरावर भर देणाऱ्या प्रश्नावल्यांत हा घोळ आणखी वाढतो. १९८८ सालची बेक यांची चिंता मोजणारी प्रश्नावली आहे, २१ प्रश्नांची. तिच्यात हात थरथरणं, चक्कर, पायांत बळ नसणं असं बरंच विचारतात. अपस्मारावरच्याच औषधांपैकी व्हॅल्प्रोएट घेणाऱ्याचे हात थरथरू शकतात, कार्बामाझेपिनने चक्कर येऊ शकते. अशा माणसाचा आकडा तो घाबरत नसतानाही फुगतो. शारीरिक लक्षणांचा असा घोळ ओळखूनच त्याआधी, १९८३ साली, हॉस्पिटलमधल्या पेशंटसाठी एचएडीएस नावाची १४ प्रश्नांची प्रश्नावली करताना शारीरिक लक्षणं मुद्दाम बाहेर ठेवली. त्यात सात प्रश्न चिंतेचे, सात उदासीचे.

हे झालं आकडा फुगण्याबद्दल. पण मला जास्त काळजी वाटते ती आकडा खोटा लहान होण्याची, आणि त्याला तुमच्यासारखी मुद्दाम केलेली खूणही लागत नाही. अशी कल्पना करा की एका बाईने एकटीने बाहेर पडणं बंद केलं. गर्दीत जायचं नाही, जिना चढायचा नाही, मुलीला शाळेतून आणायचं काम दुसऱ्यावर सोपवलं. आता तिला दोन आठवड्यांत घाबरण्याचा प्रसंगच येत नाही. कागद विचारतो, भीती वाटली का? ती प्रामाणिकपणे लिहिते, नाही. तीन-चार गुण येतात आणि सगळे खूश होतात. भीतीने तिचं निम्मं आयुष्य खाल्लं, आणि कागदावर ती निवांत! अपस्मारातली भीती मोजताना मला कायम हाच प्रश्न पहिला विचारावासा वाटतो, की तुम्ही काय करायचं सोडलंत? किती घाबरलात हे नंतर.

आजाराशी बांधलेली भीती वेगळी मोजावी, हे अभ्यासकांनाही सुचलेलं आहे. क्वॉली-३१ ही अपस्मार असलेल्या प्रौढांच्या जीवनमानाची प्रश्नावली १९९८ पासून वापरात आहे. तिच्यात फिटच्या काळजीचा स्वतंत्र भाग आहे. येत्या महिन्यात फिट येईल याची किती धास्ती वाटते, फिटमध्ये लागेल-पडेल याची काळजी आणि चारचौघांत लाज वाटेल याची काळजी हे त्यात वेगवेगळं विचारतात. (ही प्रश्नावली तुम्हाला कुणी दिली तर एक लक्षात ठेवा, हिचं गणित उलटं आहे. गुण १०० पैकी, आणि जास्त गुण म्हणजे परिस्थिती चांगली. जीएडी-७ ची सवय झालेला माणूस इथे हमखास गोंधळतो.) २०१९ साली खास अपस्मारातल्या चिंतेसाठी ईएएसआय ही १८ प्रश्नांची प्रश्नावली आली, आणि तिचंच आठ प्रश्नांचं छोटं रूप. उदासीसाठी २००६ पासून एनडीडीआय-ई आहे. फक्त सहा प्रश्न, आणि ते निवडताना गोळ्यांच्या दुष्परिणामांशी गल्लत होणार नाही याची काळजी घेतलेली. त्यातला एक प्रश्न जगणं नकोसं वाटतं का, असा आहे. तुम्ही तसं काही लिहिलेलं नाही, तरी विचारून ठेवते. तसा विचार कधीही आला, एकदाही, तर पुढच्या भेटीपर्यंत थांबायचं नाही. त्याच दिवशी डॉक्टरांना आणि घरातल्या एका माणसाला सांगायचं.

आजार पुढे काय वळण घेईल, या भीतीची म्हणूनही एक प्रश्नावली आहे. मुळात कॅन्सर, मधुमेह, सांधेदुखी असे दीर्घ आजार असलेल्यांसाठी जर्मनीत तयार झालेली. तिच्यामागचा विचार मला फार पटतो. खऱ्या आजाराची खरी भीती वाटणं हा मनाचा बिघाड मानायचा नाही. ती भीती कितपत आहे आणि तिने माणसाला किती जखडलंय, एवढं बघायचं.

त्यामुळे 'मला दुसरा आजार झालाय का' याचं उत्तर आहे, कदाचित. अपस्मार असलेल्या प्रौढांपैकी साधारण पाचातल्या एकाला उपचार घ्यावेत अशा दर्जाचा चिंतेचा विकार असतो. म्हणजे ही गोष्ट अजिबात दुर्मीळ नाही, आणि तुमच्या यजमानांना वाटतं तसं तुम्ही काही 'नवीन काढलेलं' नाही. फिट आणि भीती यांचे मेंदूतले रस्ते काही ठिकाणी एकच आहेत. शिवाय फिट केव्हा येईल हे कुणाला सांगता येत नाही, आणि अशी वेळ न सांगणारी गोष्ट धट्ट्याकट्ट्या माणसालाही पोखरते. फिट थांबल्या की भीती आपोआप ओसरते, असं नेहमी होत नाही. उलट काहीजणांची वाढते, कारण आता गमावण्यासारखं काहीतरी हातात असतं. अकरा महिने झाले, बारावा मोडला तर? हिशेब ठेवणाऱ्या माणसाला हे चांगलंच छळतं. भीती झोप उडवते, आणि झोप न मिळणं हे पुष्कळांच्या बाबतीत फिटला आमंत्रण असतं. म्हणून या भीतीवर उपचार करणं हा अपस्मारावरच्या उपचाराचाच भाग आहे.

पण तुमच्यावर 'चिंतेचा विकार' अशी पाटी लावायची की नाही, हे सात खुणांवरून ठरत नाही. आधी पोटातून उठणाऱ्या त्या गोळ्याचं काय ते कळू द्या.

आता त्या मुद्दाम कमी केलेल्या खुणा. मी रागावणार नाही. रांगेत बसून, मांडीवर कागद धरून, नवरा खांद्यावरून डोकावत असताना कोण खरं लिहील? त्यात 'काही दिवस' आणि 'अर्ध्याहून जास्त दिवस' यांतला फरक करायला दोन मिनिटं, आणि आतून कुणीतरी नाव पुकारतंय. मागच्या खऱ्या उत्तरावर घरात ऐकून घ्यावं लागलं, मग यावेळी तुम्ही घर सांभाळलंत. फक्त त्याची किंमत समजून घ्या. या कागदावर एक-दोन गुण इकडचे तिकडे झाले तर त्याला अर्थ नसतो, पण चौदाचे सहा ही मोठी घसरण आहे. ती बघून डॉक्टरांनी 'सुधारणा' म्हणणं चूक नव्हतं. त्यांच्यासमोर होतं त्यावर ते बोलले. उद्या कदाचित ते औषध आहे तसंच ठेवतील, किंवा समुपदेशनाला पाठवायचा विचार सोडून देतील. तुम्ही विचारता खरा आकडा कोणता. सहा नाही, हे तुम्हालाच माहीत आहे. चौदा हा तुमच्या त्रासाचा जास्त प्रामाणिक आकडा आहे, पण त्यातल्या नोंदी सुट्या केल्याशिवाय त्याचाही फारसा उपयोग नाही.

त्या सुट्या करायला एक साधी वही पुरेल. दोनच आठवडे ठेवा, जास्त नको, नाहीतर भीतीची नोंद ठेवणं हाच नवा उद्योग होऊन बसतो. भीती वाटली की एक ओळ लिहायची. केव्हा, काय करत होतात, किती वेळ टिकली. ती विचारातून आली की विचाराच्या आधीच अंगात उठली, हे नक्की लिहा, कारण जिन्यावरची भीती आणि गोळा यांच्यातला फरक बहुतेक इथेच दिसेल. तीव्रतेला शून्य ते शंभरमधला जो आकडा पहिला मनात येईल तो द्या. मानसोपचारात ही पद्धत जोसेफ वोल्पे यांच्यापासून, १९६९ पासून, चालत आलेली आहे आणि तिला फॉर्म लागत नाही. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, त्या भीतीपायी काय टाळलं किंवा काय जास्तीचं केलं. 'आंघोळ पाच मिनिटांत उरकली.' 'जिन्यावर मुलीला पुढे जायला सांगितलं.' 'मीटिंगला पंधरा मिनिटं आधी जाऊन खुर्ची धरली.' अशा नोंदी. गोळ्या घेतल्याची वेळ, झोप किती झाली आणि पाळीचे दिवस यांची खूण समासात करून ठेवा. काही स्त्रियांच्या फिटचा पाळीच्या चक्राशी संबंध असतो.

वही भरली की टाळलेल्या गोष्टींकडे नीट बघा. त्यातल्या काही टाळण्यासारख्याच असतील. आंघोळीला कडी न लावणं, टबपेक्षा शॉवर किंवा बादली बरी मानणं, एकटीने पोहायला न जाणं, उंच शिडीवर न चढणं, ही शहाणी खबरदारी आहे, ती चालू ठेवा. अशी खबरदारी एकदा घेतली की संपते, आणि तिच्यामुळे काहीतरी करता येतं. कडी लावली नाही म्हणून निवांत आंघोळ होते. भीतीची मागणी मात्र संपत नाही. दाराजवळची खुर्ची मिळाली तरी मग दार उघडं आहे ना, बाहेर कुणी आहे ना, असं चालूच राहतं. खुर्चीने फिट थांबत नाही, पडताना लागायचंही वाचत नाही. ती फक्त लाजेपासून वाचवायला आहे. ऑफिसमधल्या एका विश्वासू सहकाऱ्याला, फिट आल्यास कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काहीतरी द्यायचं, घड्याळ बघायचं, तोंडात काही घालायचं नाही, पाच मिनिटांपेक्षा जास्त चालली तर रुग्णवाहिका बोलवायची, एवढं शिकवून ठेवलंत, तर त्याचा उपयोग त्या खुर्चीपेक्षा कितीतरी जास्त होईल.

रात्रीच्या भीतीबद्दल मी आडपडदा ठेवत नाही, कारण तुम्ही ते वाचलेलंच आहे. अपस्मारात अचानक मृत्यू होतो, त्याला सुडेप म्हणतात, आणि तो बहुधा झोपेत होतो. अपस्मार असलेल्या दर १००० प्रौढांमागे वर्षाला साधारण एक, असं त्याचं प्रमाण आहे. अमेरिकेतल्या न्यूरॉलॉजिस्टांच्या संघटनेने २०१७ साली डॉक्टरांना सांगितलं की हे पेशंटपासून लपवू नका, आणि सांगताना हेही सांगा की हजारातल्या ९९९ जणांना त्या वर्षात काही होत नाही. हा धोका सगळ्यांना सारखा नसतो. सगळ्यात मोठं कारण म्हणजे आटोक्यात नसलेल्या मोठ्या, सर्वांगाला झटके देणाऱ्या फिट. वर्षाला तीन किंवा जास्त येणाऱ्यांत तो बराच वाढतो, आणि त्या थांबल्या की खूप खाली येतो. म्हणजे न चुकता गोळी घेणं, पुरेशी झोप आणि पोटातून उठणाऱ्या त्या गोळ्याची चौकशी, या तीन गोष्टी तुमच्या हातात आहेत. रात्री दोन वाजता मोबाइलवर पुन्हा तेच शोधल्याने धोका एका सुईच्या टोकाएवढाही कमी होत नाही, झोप मात्र जाते.

गोळा फिट नसल्याचं ठरलं, किंवा फिट ठरून तिच्यावर वेगळा उपाय झाला आणि तरी बाकीची भीती उरली, तर तिच्यावर उपचार आहेत. विचार आणि वागणूक यांवर काम करणारी सीबीटी ही पद्धत अपस्मारातल्या चिंतेसाठीही वापरतात. टाळलेल्या गोष्टींकडे लहान लहान पायऱ्यांनी परत जायचं, हे तिचं मुख्य काम. एक सूचना, पॅनिकवर उपचार करताना काही थेरपिस्ट मुद्दाम जोरजोरात श्वास घ्यायला लावतात. ईईजी, म्हणजे मेंदूचा विद्युत आलेख, काढताना मेंदूतली गडबड दिसावी म्हणून पेशंटकडून तीन मिनिटं नेमकं हेच करून घेतात. तेव्हा पहिल्याच भेटीत अपस्मार असल्याचं सांगा आणि तो व्यायाम न्यूरॉलॉजिस्टला विचारल्याशिवाय करू नका. औषध सुचवलं तर 'मनाच्या गोळ्यांनी फिट वाढतात' असं ऐकून नाकारू नका. उदासी आणि चिंतेवर देतात त्या एसएसआरआय गटातली बहुतेक औषधं अपस्मारात योग्य मात्रेत देता येतात. बुप्रोपिऑनसारखी मोजकी टाळतात, आणि ते ठरवायला दोन डॉक्टरांनी एकमेकांशी बोललं की झालं.

तुमच्या यजमानांवर मी फार चिडलेली नाही. फिट आली की तुमची शुद्ध जाते, ती फिट पूर्ण बघतात ते. अकरा महिन्यांनी त्यांनी सुटकेचा श्वास टाकला आणि कागदावर १४ आले. त्यांना वाटलं, झालं, पुन्हा सुरू. त्यांनाही विचारा की त्यांनी काय काय टाळायला सुरुवात केली आहे. रात्री तुम्ही कूस बदलली की ते जागे होत असतील, तर घरात घाबरणारे दोघं आहेत, आणि कागद एकालाच मिळालाय. पुढच्या भेटीला त्यांना बरोबर न्या, गोळ्याच्या वेळी बाहेरून काय दिसतं ते त्यांनाच सांगता येईल. पण कागद भरताना दुसऱ्या बाकावर जाऊन बसा. तेवढं त्यांना आधीच सांगून ठेवा, म्हणजे तिथे रुसवाफुगवा नको.

कागद पुन्हा हातात आला तर खरा भरा. त्याआधी देणाऱ्याला विचारा, हा कोण वाचणार, आणि माझ्या ऑफिसपर्यंत जाणार का? तो तुमच्या केसपेपरातच राहतो, असं उत्तर मिळायला हवं, आणि ते विचारायचा तुम्हाला हक्क आहे. भरून झाला की खालच्या कोऱ्या जागेत लिहा, "मागच्या वेळी मी उत्तरं कमी लिहिली होती. ६ धरू नका." डॉक्टरांना तोंडावर सांगायला जड जात असेल तर एवढी ओळ पुरते. तिच्याखाली पोटातल्या गोळ्याबद्दल एक ओळ आणि तुम्ही करायच्या सोडलेल्या तीन गोष्टी लिहा. मग वही टेबलावर ठेवा आणि विचारा, "यातलं फिटचं किती, गोळ्यांचं किती आणि भीतीचं किती, ते आपण वेगळं करू शकतो का?" त्या भेटीत वेळ नसेल तर त्यासाठी वेगळी वेळ मागून घ्या.